दुकानातील प्रोग्रॅम मोबाईलवर नेताना

दुकानातील कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्रॅम मोबाईलवर आणता येईल का, हा प्रश्न आज लहान-मोठ्या प्रत्येक व्यापाऱ्यापुढे आहे. ठोक दुकानाचा माणूस तालुक्याच्या गावी ऑर्डर घ्यायला जातो. कोणत्या मालाचे किती ताके शिल्लक आहेत, समोरच्या गिऱ्हाइकाकडे मागची उधारी किती आहे, हे त्याला तेथल्या तेथे कळले तर सौदा पक्का होतो. नाही कळले तर दुकानात फोन करावा लागतो, दुकानातील माणूस हातातले काम टाकून खाते शोधतो आणि तोपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्याचा नमुना बघू लागते. तेव्हा मागणी वाजवी आहे. परंतु ती पुरी करणे म्हणजे नेमके काय करणे, हे पैसे देणाऱ्याला माहीत नसते. काम करणाराही पुष्कळदा पुरते सांगत नाही. त्यातून गैरसमज होतात आणि जुने संबंध बिघडतात.

आमच्याच दुकानातील अनुभव सांगतो. बिले, साठा आणि उधारी सांभाळणारा आमचा प्रोग्रॅम एका होतकरू मुलाने तयार केलेला आहे. मोबाईलची गोष्ट काढताच तो म्हणाला, "चाचा, हा प्रोग्रॅम क्यूटवर बांधलेला आहे. क्यूट अँड्रॉइडवरही चालते. आठ दिवसांत करून देतो." आठव्या दिवशी खरोखरच मोबाईलवर आमचे ओळखीचे बिलाचे पान उघडले. आम्ही खूश होऊन ठरलेली रक्कम दिली.

नवव्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. बटणे इतकी बारीक की एकावर बोट ठेवावे तर शेजारचे दाबले जाई. आमचा माणूस बावीस ओळींची ऑर्डर लिहीत असता त्याला घरून फोन आला. पाच मिनिटे बोलून पुन्हा प्रोग्रॅम उघडतो तो लिहिलेली ऑर्डर गायब. ती गिऱ्हाइकाला पुन्हा विचारावी लागली आणि दोन रंगांची अदलाबदल झाली. तो माल परत आला, भाडे आमच्या अंगावर पडले. छपाईचे बटण दाबले तर काहीच होत नसे.

मुलगा खोटे बोलला नव्हता. प्रोग्रॅम चालत होता. पण चालणे वेगळे आणि काम देणे वेगळे. या दोहोंतील अंतर त्याने मोजले नव्हते आणि आम्ही विचारले नव्हते. ते अंतर समजून घ्यायचे असेल तर ज्या क्यूटच्या भरवशावर तो बोलत होता, त्या क्यूटचाच इतिहास पाहावा. कारण क्यूट स्वतः कॉम्प्युटरवरून मोबाईलवर गेले, तेव्हा त्यालाही याच अडचणींतून जावे लागले आहे.

क्यूट म्हणजे काय?

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक साधे बटण दाखवायचे तरी विंडोजला एका पद्धतीने सांगावे लागते, मॅकला दुसऱ्या आणि लिनक्सला तिसऱ्या. फाईल उघडणे, अक्षरे उमटवणे, छापणे या सर्वांची हीच तऱ्हा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने प्रत्येक यंत्रासाठी सर्व काही पुन्हा लिहायचे ठरवले तर त्याचे आयुष्य त्यातच जाईल. म्हणून मधे एक तयार सांगाडा ठेवतात. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. शिंप्याला कॉलर, कफ आणि अस्तर तयार मिळाले तर त्याने फक्त मापाकडे लक्ष द्यायचे, तसेच हे आहे. प्रोग्रामर सांगाड्याला म्हणतो, "बटण दाखव." खाली विंडोज आहे की मॅक, हे सांगाडा बघून घेतो.

क्यूट हा असाच एक सांगाडा. त्याची कल्पना नॉर्वे देशातील होवर्द नॉर्द आणि आयरिक शांब-एंग या दोन इंजिनिअरांची. १९९० साली ते त्रोंधेम शहरात सोनोग्राफीची चित्रे साठवण्याच्या एका प्रोग्रॅमवर काम करीत होते. तो प्रोग्रॅम युनिक्स, मॅक आणि विंडोज अशा तिन्ही ठिकाणी चालायला हवा होता. त्या गरजेतून त्यांनी सी प्लस प्लस या भाषेत सांगाडा लिहायला घेतला. १९९४ साली कंपनी काढली. ती पुढे ट्रोलटेक या नावाने ओळखली गेली. मे १९९५ मध्ये क्यूट प्रथम लोकांसाठी खुले झाले. लिनक्सवरील केडीई हा मोठा प्रकल्प १९९६ पासून त्यावरच उभा राहिला. गुगल अर्थ, व्हीएलसी, चित्रपटवाल्यांचे माया अशा नामांकित प्रोग्रॅमांनी पुढे क्यूटचाच आधार घेतला.

म्हणजे एकदा लिहा आणि अनेक ठिकाणी चालवा, हेच क्यूटचे काम. मग मोबाईलवर जाताना अडचण कोठे आली?

चार थर

एका यंत्रासाठी केलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर नेण्याला पोर्टिंग म्हणतात. हे काम फाईलची नक्कल करण्याइतके सोपे नाही. त्यात चार थर असतात आणि खालून वर जावे तसे काम अवघड होत जाते.

पहिला थर प्रोसेसरचा. दुकानातील कॉम्प्युटरमध्ये बहुधा इंटेलच्या जातीचा प्रोसेसर असतो, मोबाईलमध्ये एआरएम जातीचा. दोघांची यंत्रभाषा निराळी. परंतु मूळ लिखाण सी प्लस प्लसमध्ये असेल तर कंपायलर नावाचा प्रोग्रॅम त्याचे नव्या यंत्रभाषेत रूपांतर करून देतो. हे काम तुलनेने सोपे असते.

दुसरा थर ऑपरेटिंग सिस्टिमचा. फाईल कोठे ठेवावी, मेमरी कशी मागावी, एकाच वेळी दोन कामे कशी चालवावी, याचे नियम ती ठरवते. येथे प्रत्येक सिस्टिमचा रिवाज निराळा असतो.

तिसरा थर पडदा, कीबोर्ड, अक्षरे आणि बोटाचा स्पर्श यांचा.

चौथा थर माणसाच्या सवयीचा आणि यंत्राच्या मिजाजीचा. दुकानात प्रोग्रॅम सकाळी उघडला की रात्री बंद होतो. मोबाईलवर तो दिवसातून पन्नास वेळा उघडतो आणि मागे पडतो. मागे पडलेला प्रोग्रॅम, मेमरी कमी पडल्यास, सिस्टिम कोणाला न विचारता बंद करते. आमची बावीस ओळींची ऑर्डर याच थरात बुडाली.

क्यूटसारखा सांगाडा पहिले दोन थर जवळजवळ पूर्ण आणि तिसरा बराचसा सांभाळतो. चौथा थर कोणताही सांगाडा आपोआप सांभाळू शकत नाही. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच सांभाळावा लागतो. आठ दिवस आणि आठ महिने यांत जो फरक पडतो, तो येथे पडतो.

सिम्बियनचा धडा

लहान यंत्रांवर क्यूट आधीच जाऊन आले होते. शार्प कंपनीच्या झॉरस या हातात मावणाऱ्या यंत्रावर २००२ च्या सुमारास क्यूटचेच क्यूटोपिया हे रूप चालत असे. पण झॉरसमध्ये खाली लिनक्स होते, म्हणजे जमीन ओळखीची होती. खरी कसोटी लागली ती नोकियाच्या काळात.

जानेवारी २००८ मध्ये नोकियाने ट्रोलटेक विकत घेण्याची घोषणा केली. सौदा सुमारे १५ कोटी डॉलरचा होता आणि तो त्याच वर्षी जूनमध्ये पुरा झाला. नोकियाच्या फोनांत तेव्हा सिम्बियन ही सिस्टिम होती. सिम्बियनसाठी प्रोग्रॅम लिहिणे फार किचकट मानले जाई. ही सिस्टिम अगदी कमी मेमरीच्या यंत्रांसाठी आखलेली असल्यामुळे तिने साध्या शब्दांच्या साठवणीचीही स्वतःची पद्धत काढली होती. चूक झाली तर मागे कसे फिरावे, अर्धवट घेतलेली मेमरी कशी परत करावी, याचीही रीत वेगळी होती. बाहेर सी प्लस प्लस शिकून आलेला माणूस तेथे पुन्हा पहिलीत बसे. नोकियाला वाटले, वर क्यूटचा सांगाडा दिला की प्रोग्रामरला खालची ही भानगड बघायलाच नको.

विचार बरोबर होता. पण वरच्याला सोय मिळावी म्हणून खालची सगळी भानगड क्यूटच्या लोकांना आपल्या अंगावर घ्यावी लागली. युनिक्समधील नेहमीच्या सोयी सिम्बियनवर पुरवणारा एक वेगळा थर वापरून त्यांनी क्यूट त्यावर बसवले. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या क्यूट ४.६ मध्ये सिम्बियनला प्रथम अधिकृत जागा मिळाली. त्यातही एक पेच होता. बाजारात आधीच विकल्या गेलेल्या फोनांत क्यूटच्या फाईली नव्हत्या. म्हणून नोकियाने एक छोटा इन्स्टॉलर दिला. एखादा प्रोग्रॅम चढवताना फोनमध्ये क्यूट नसेल तर तो ते उतरवून घेई. चार आण्याच्या टाचणीसाठी रुपयाची डबी घ्यावी, असा तो प्रकार होता. पण तेव्हा दुसरा इलाज नव्हता.

एवढी मेहनत झाल्यावर ११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हात मिळवला आणि पुढील फोन विंडोज फोन सिस्टिमवर काढण्याचे जाहीर केले. त्या वेळच्या विंडोज फोनवर बाहेरच्या सामान्य प्रोग्रामरला सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम चढवण्याची मुभाच नव्हती. तेव्हा तेथे क्यूट नेण्याचा रस्ताच बंद होता. नोकियाच्या शब्दावर विसंबून ज्यांनी दोन-तीन वर्षे क्यूट शिकण्यात आणि सिम्बियनचे प्रोग्रॅम लिहिण्यात घातली, ते एका दिवसात उघड्यावर आले.

व्यापाऱ्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. गाळा भाड्याचा असला की आत कितीही फर्निचर करा, मालकाची मर्जी फिरली की ते उचलावे लागते. प्रश्न एवढाच उरतो की फर्निचर भिंतीत चिणलेले आहे की उचलून नेता येण्यासारखे आहे.

अँड्रॉइडच्या दारात

क्यूटचे फर्निचर उचलता येण्यासारखे निघाले. त्याला दोन कारणे झाली.

पहिले कारण परवान्याचे. नोकियाने मार्च २००९ च्या क्यूट ४.५ पासून एलजीपीएल हा अधिक मोकळा परवाना दिला होता. क्यूटचे मूळ लिखाण कोणालाही पाहता, बदलता आणि काही अटी पाळून आपल्या विक्रीच्या प्रोग्रॅमलाही जोडता येत होते. मालकाने पाठ फिरवली तरी माल लोकांच्या हातात राहिला.

दुसरे कारण रचनेचे. पूर्वी विंडोजसाठीचा, मॅकसाठीचा आणि लिनक्ससाठीचा मजकूर क्यूटच्या पोटात ठिकठिकाणी विखुरलेला होता. नवी सिस्टिम जोडायची तर शेकडो ठिकाणी हात घालावा लागे. क्यूटच्या इंजिनिअरांनी लाइटहाउस नावाच्या कामात हा सिस्टिमचा भाग वेगळा काढून एका पातळ थरात आणला. खिडकी कशी उघडावी, स्पर्श कसा ओळखावा, फॉन्ट कोठून घ्यावा, एवढ्या मोजक्या प्रश्नांची उत्तरे लिहिली की नव्या सिस्टिमवर क्यूट उभे राहू शकते. ही रचना डिसेंबर २०११ च्या क्यूट ४.८ मध्ये आली. क्यूट ५ तर संपूर्णपणे तिच्यावरच बांधले गेले.

याच थराचा आधार घेऊन बोगदान वात्रा या प्रोग्रामरने क्यूट अँड्रॉइडवर नेण्याचा उद्योग सुरू केला. त्याला नेसेसिटास असे नाव दिले आणि २०११ च्या सुरुवातीला त्याची पहिली कच्ची आवृत्ती लोकांपुढे ठेवली. म्हणजे नोकिया ज्या सुमारास सिम्बियनकडे पाठ फिरवीत होती, त्याच सुमारास क्यूटसाठी दुसरीकडे एक दार उघडत होते, आणि ते कोणा मोठ्या कंपनीने उघडले नव्हते.

ते दार उघडणे सोपे नव्हते. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. पण त्यावरील प्रोग्रॅम जावा भाषेत लिहावेत अशी गुगलची मूळ अपेक्षा. सी आणि सी प्लस प्लससाठी एनडीके नावाची हत्यारे २००९ साली मिळाली, पण त्यांनी फक्त मदतीचे तुकडे लिहावेत, संपूर्ण प्रोग्रॅम नव्हे, असा त्या वेळचा रोख होता. साध्या लिनक्समध्ये जी मूळ सी लायब्ररी असते, तिच्या जागी अँड्रॉइडने बायोनिक नावाची स्वतःची छोटी लायब्ररी ठेवली होती आणि तिच्यात नेहमीच्या कित्येक सोयी नव्हत्या. सी प्लस प्लसच्या काही रोजच्या सोयीही सुरुवातीच्या एनडीकेमध्ये अपुऱ्या होत्या.

यावर असा तोडगा निघाला. दारात जावाचा एक छोटा प्रोग्रॅम उभा करायचा. अँड्रॉइड त्याला ओळखतो आणि सुरू करतो. तो सुरू होताच क्यूटच्या फाईली मेमरीत आणतो आणि खरा प्रोग्रॅम चालू करून देतो. पडद्यावर बोट पडले, फोन आडवा झाला, कीबोर्ड हवा आहे, असे निरोप हा दारवान आत पोचवतो आणि आतल्याचे बाहेर. जावा आणि सी प्लस प्लस यांच्यातील या दुभाष्याला जेएनआय म्हणतात. क्यूटचा कारभार अँड्रॉइडच्या मुख्य धाग्यावर न चालता आपल्या स्वतंत्र धाग्यावर चालतो. दोघांनी एकमेकांच्या कामात मध्येच हात घातला तर प्रोग्रॅम अडकतो, म्हणून निरोपांची देवघेव फार काळजीने करावी लागते.

सिम्बियनवरची फाईलींची अडचण येथेही आलीच. प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर क्यूटच्या सर्व फाईली दिल्या तर त्याचे वजन वाढते आणि तेव्हाच्या फोनांत जागा थोडी. म्हणून नेसेसिटासने मिनिस्ट्रो नावाचा वेगळा प्रोग्रॅम काढला. तो क्यूटच्या फाईली एकदाच आणून सर्वांना वाटून देई. पुढे फोनांतील जागा वाढली आणि ज्याने त्याने आपले सामान आपल्याबरोबर न्यावे, ही पद्धत रूढ झाली.

दरम्यान नोकियाने २०१२ साली क्यूट फिनलंडच्या डिजिया या कंपनीला विकले. वात्रा यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस आपले काम मूळ क्यूट प्रकल्पाला देऊन टाकले. जुलै २०१३ च्या क्यूट ५.१ मध्ये अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची चाचणी आवृत्ती आली आणि डिसेंबर २०१३ च्या क्यूट ५.२ मध्ये दोघांना पूर्ण मान्यता मिळाली. पहिल्या कच्च्या आवृत्तीपासून येथपर्यंत जवळजवळ तीन वर्षे लागली. आठ दिवसांचा वायदा करणाऱ्याने आणि तो ऐकणाऱ्याने हा हिशेब लक्षात ठेवावा.

आयफोनचे नियम

आयफोनवर तांत्रिक अडचणीपेक्षा नियमांची अडचण मोठी होती. एप्रिल २०१० मध्ये ॲपलने असा नियम केला की आयफोनचे प्रोग्रॅम ठरावीक भाषांतच मूळ लिहिलेले असावेत आणि मधला अनुवादाचा थर नसावा. सप्टेंबर २०१० मध्ये तो सैल केला. दुसरा नियम असा होता की बाहेरच्या लायब्ररीची फाईल वेगळी ठेवायची नाही, ती प्रोग्रॅममध्येच विरघळवून टाकायची. ही बंदी २०१४ च्या आयओएस ८ पासून उठली. एलजीपीएल परवान्यात मात्र गिऱ्हाइकाला लायब्ररी बदलून बसवता आली पाहिजे अशी अट आहे. विरघळवलेल्या लायब्ररीबाबत ती पाळणे अवघड जाते. म्हणून अनेकांनी पैसे भरून क्यूटचा व्यापारी परवाना घेणे पसंत केले.

तिसरा नियम, प्रोग्रॅमने चालता चालता नवी यंत्रभाषा तयार करून ती चालवायची नाही. क्यूटच्या पडद्यांसाठी वापरले जाणारे जावास्क्रिप्टचे जुने इंजिन तेच करीत असे. क्यूट ५.२ मध्ये नवे इंजिन घालण्यात आले, जे अशी मनाई असलेल्या ठिकाणी साध्या रीतीनेही चालू शकते.

बोट आणि माउस

आता पडद्याकडे वळू. माउसचे टोक सुईसारखे असते, बोट जाड असते. माउस बटणावर नुसता नेला तरी माहितीची पट्टी दिसते. बोट हवेत धरून काही होत नाही. कॉम्प्युटरवर एका पानात तीस रकाने मावतात, मोबाईलवर पाच मावले तरी पुष्कळ. क्यूटमध्ये कॉम्प्युटरच्या पद्धतीची बटणे आणि तक्ते फार पूर्वीपासून आहेत, त्यांना विजेट म्हणतात. अँड्रॉइडवर ती दिसतात आणि चालतातही, आणि येथेच फसगत होते. मोबाईलसाठी सप्टेंबर २०१० च्या क्यूट ४.७ मध्ये क्यूट क्विक नावाची निराळी सोय आली. तिच्यात पाने बोटाने सरकवणे, मोठी बटणे, पडद्याच्या मापाप्रमाणे मांडणी, या गोष्टी सहज होतात. पण त्यासाठी पाने नव्याने लिहावी लागतात. जुना सदरा उसवून लहान मुलाला बेतला तरी तो नव्याने शिवावाच लागतो. कापड तेवढे वाचते.

येथे कापड म्हणजे हिशेबाचे नियम. बिलाची बेरीज, कर, साठ्याची वजावट, उधारीचे व्याज. हे नियम पानांपासून वेगळे लिहिलेले असतील तर ते जसेच्या तसे मोबाईलवर जातात. एसक्यूलाइट या छोट्या माहितीकोशाची सोयही दोन्हीकडे चालते. पण हिशेबाचे नियम बटणांच्या आतच लिहिलेले असतील तर पाने बदलताना तेही सर्व उसवावे लागतात. छपाईची सोयही अँड्रॉइडवर कॉम्प्युटरसारखी आयती मिळत नाही. आमच्या प्रोग्रॅममध्ये नेमके हेच झाले होते.

अक्षरांची गोष्ट

आपल्या लोकांची नावे आणि मालाची नावे मराठीत किंवा उर्दूत लिहायची तर अक्षरांचाही विचार करावा लागतो. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक मांडली की काम झाले. देवनागरीत जोडाक्षरे होतात, वेलांटी अक्षराच्या आधी येते. उर्दू उजवीकडून लिहिली जाते आणि प्रत्येक हर्फाचा आकार शेजाऱ्याप्रमाणे बदलतो. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे फुटून दिसत. क्यूटने अक्षरजुळणीची सोय आपल्याबरोबर ठेवलेली असल्यामुळे योग्य फॉन्ट दिला तर सिस्टिमवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही.

या जुळणीच्या सॉफ्टवेअरचे नाव हर्फबाज. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडे. ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकाराचे ते गमतीने केलेले भाषांतर आहे. क्यूटकडील आणि लिनक्सवरील पँगोकडील जुने काम एकत्र आणून त्याची सुरुवात झाली. पुढे इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोद यांनी ते नव्याने लिहिले. आज ते क्यूटमध्येही आहे, अँड्रॉइडमध्येही आणि फायरफॉक्समध्येही. तेव्हा आपल्या अक्षरांना मोबाईलवर अडचण नाही. फक्त फॉन्ट बरोबर दिला आहे का, हे आपल्याच गिऱ्हाइकांची नावे लिहून तपासावे.

काम संपत नाही

एकदा मोबाईलवर नेले म्हणजे सुटलो, असेही नाही. ऑगस्ट २०१९ पासून गुगलच्या प्ले स्टोअरने अशा प्रोग्रॅमांची ६४ बिटची आवृत्ती सक्तीची केली. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइड ११ मध्ये अधिक कडकपणे, प्रोग्रॅमने फोनच्या साठवणीत वाटेल तेथे फाईल ठेवण्यावर बंधन आले. जे प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या सवयीने कोठेही फाईल ठेवीत होते, ते अडले. सांगाडा बनवणारे असे बदल आपल्या थरात बसवून घेतात, पण नवा सांगाडा घेऊन आपला प्रोग्रॅम पुन्हा बांधणे आणि तपासणे हे काम प्रत्येकाला करावेच लागते. म्हणून पहिल्या खर्चाबरोबर दरवर्षीच्या देखभालीचा खर्चही धरावा.

सौदा करण्यापूर्वी

व्यापारी बांधवांनी असे काम देताना पाच गोष्टी विचारून, लिहून घ्याव्यात. हिशेबाचे नियम पानांपासून वेगळे आहेत का? मोबाईलची पाने नव्याने करणार की जुनीच दाखवणार? ऑर्डर लिहिताना मध्येच फोन आला, बॅटरी संपली किंवा रेंज गेली तर किती ओळी वाचतील? सांगाड्याचा परवाना कोणता आणि त्याच्या अटी कोण पाळणार? मूळ लिखाणाची प्रत आपल्याला मिळणार का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सिम्बियन बुडाले तरी क्यूट टिकले, कारण त्याचे मूळ लिखाण लोकांच्या हातात होते. उद्या आपला प्रोग्रामर परदेशी गेला तरी आपले काम अडू नये.

आणि पूर्ण रक्कम पान दिसल्यावर देऊ नये; आपला माणूस पंधरा दिवस गावोगाव फिरून आल्यावर द्यावी.

आमचे काम शेवटी झाले. तो मुलगा आणि मी पुन्हा बसलो. त्याने हिशेबाचे नियम वेगळे काढले. मोबाईलवर तीस रकान्यांचे पान न नेता फक्त ऑर्डर, साठा आणि उधारी अशी तीन पाने नव्याने केली. प्रत्येक ओळ लिहिताच साठवली जाते. छपाई दुकानातच होते. यास चार महिने लागले आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले. ते देताना मला वाईट वाटले नाही, कारण या वेळी कोणत्या कामाचे पैसे देतो आहोत हे मला समजत होते. कारागिराला त्याच्या मेहनतीचा मोबदला पुरा मिळावा आणि गिऱ्हाइकाला मालाची खरी जात आधी सांगितली जावी, हा कापडाच्या पेढीवरचा जुना रिवाज आहे. सॉफ्टवेअरच्या सौद्यातही तोच पाळला तर भांडणाला जागा राहणार नाही.